मदत हवी आहे: ड्रॅगच्या गाडीला पॉलिकार्बोनेटच्या खिडक्या, नागपुरात कोण करून देईल?

नमस्कार मंडळी,

जुनी मारुती एस्टीम ड्रॅग रेससाठी (सरळ रेषेतली छोट्या अंतराची शर्यत) तयार करतोय. गाडी फक्त ट्रॅकवर पळणार, तिथवर ट्रेलरवर जाईल. पुढची काच लॅमिनेटेड आहे, तिला हात लावायचा नाही. चारही दारांच्या आणि मागच्या काचेऐवजी पॉलिकार्बोनेट (मजबूत पारदर्शक प्लास्टिक) बसवायचंय. त्याची घनता 1.2, काचेची 2.5, म्हणजे त्याच जाडीत निम्म्याहून कमी वजन. शिवाय काच वर-खाली करायची यंत्रणाही दारातून निघते.

हिंगणा एमआयडीसीजवळ एका दुकानात 'पॉलिकार्बोनेटच आहे' म्हणून तुकडा दाखवला. ड्रिल लावताच कोपऱ्यापर्यंत तडा! ते अॅक्रिलिक होतं, म्हणजे तसंच दिसणारं पण ठिसूळ प्लास्टिक. अपघातात त्याचे धारदार तुकडे होतात, ते मला नकोच. ओरखडे न पडणारा हार्ड कोट असलेली खरी शीट इथे कुठे मिळेल?

दारांना 3 मिमी पुरेल, की वेगात हवेने फुगेल? आतून पट्टी द्यावी का?

खरी काळजी उन्हाची. पॉलिकार्बोनेट काचेच्या साधारण सातपट प्रसरण पावतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पार जातो. भोकं बोल्टपेक्षा मोठी ठेवायची हे माहीत आहे, पण मीटरभर लांबीला किती मोठी? बोल्टला थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावत नाहीये, त्याने शीट तडकते. मग नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) आणि रबर वॉशर चालतील ना?

मागची काच गोलाईची आहे. कोट न उडवता हीटगनने वाकवता येते का? कोणी स्वतः केलं असेल तर दादा, फोटो टाकाच.