ओल्या ट्रेलवर पुढचं चाक निसटतंय, ब्रेकही दगा देतायत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोरड्या ट्रेलवर (रानातल्या मातीच्या वाटेवर) माझी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, शहाण्यासारखी चालते. पाऊस पडून गेला की तीच सायकल ओळख दाखवत नाही.

सायकल हार्डटेल आहे (सस्पेन्शन फक्त पुढे), २९ इंची चाकं, २.४ इंच रुंद टायर. टायरवरची रबरी बटणं बुटकी आणि जवळजवळ. आत ट्यूब, दोन्हीकडे हवा ३५ पीएसआय. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, पॅड सायकलबरोबर आले तेच. माझं वजन सत्तरच्या आसपास.

आता त्रास. वळणावर पुढचं चाक अचानक बाहेर सरकतं. मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की थेट खांद्यावर. झाडांच्या मुळ्यांवर तर सरळ जातानाही भरवसा वाटत नाही. दुसरं, लांब उतार संपेपर्यंत मागचा ब्रेक लिव्हर हँडलला टेकायला येतो आणि धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येतो. आणि काही ठिकाणी फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) नि टायरच्या मधे इतका चिखल बसतो की चाक फिरेनासं होतं, काडीनं उकरून काढावा लागतो.

नवे टायर घ्यावेत, की आधी मीच नीट चालवायला शिकावं? सगळं एकदम बदलायचं नाहीये. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

सुरुवात मागच्या ब्रेकपासून करा, टायरचं नंतर. तो आवाज ऐकून मी पुढची राईड केली नसती. चाक काढून पॅड बाहेर घ्या. चिखलाचं पाणी म्हणजे पॉलिश पेपर, कोरड्यात महिनोन्‌महिने पुरणारे पॅड एका खराब दिवसात संपू शकतात. साधारण अर्धा मिमी मटेरियल उरलं की पॅड बदलायचे. ओल्यात लांब जायचं असेल तर १ मिमीच्या खाली गेलेलेही मी ठेवत नाही. घासून पॅडमागचा पत्रा उघडा पडला असेल तर डिस्कही बघा, तिच्यावर नखाला लागतील असे चरे पडले असतील.

सायकलबरोबर येणारे पॅड बहुतेक वेळा रेझिनचे असतात. आवाज कमी, पकड छान, पण वाळूमिश्रित चिखलात भराभर झिजतात. सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड ओल्यात कितीतरी जास्त टिकतात. थोडे केकाटतात, तेवढं सोसायचं. पण घेण्याआधी डिस्कवर काय कोरलंय ते वाचा. ‘रेझिन पॅड ओन्ली’ असेल तर धातूचे पॅड तिला चालत नाहीत, डिस्कही बदलावी लागेल.

पॅड जाड असूनही लिव्हर आत जात असेल, आणि दोनतीनदा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर ब्रेकच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे. ब्लीड करून घ्या, म्हणजे ती हवा काढून घ्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. टायरबद्दल मी लिहितो.

७० किलोला २.४च्या टायरमध्ये ३५ म्हणजे ओल्यात फार झाली. टायर दबतच नाही, मुळीवरून उडतो. आजच पुढे २७, मागे ३० करून बघा, फुकटातला उपाय आहे. ट्यूब असल्यामुळे त्याहून फार खाली जाऊ नका. दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केलंत तर आणखी दोनचार पीएसआय उतरता येईल.

पण चिखल कुठला, हे तुम्ही लिहिलंच नाही. सगळा प्रश्न तिथे आहे. पातळ, रबरबीत राड असेल तर ती चाकावरून आपोआप उडते, खाली घट्ट जमीनही सापडते. त्रास होतो तो अर्धवट वाळलेल्या चिकणमातीचा. ती सोडत नाही, थरावर थर चढतो. तुमचा फोर्क तिनंच भरतोय. तिथे रुंद टायर उलट नडतो, कारण बाजूला जागाच उरत नाही. उंच, विरळ बटणांचा थोडा अरुंद टायर लागतो. आणि शेवाळलेल्या खडकावर नि मुळ्यांवर हाच चिखलाचा टायर वाईट! उंच बटणं वाकतात, टेकायला रबर कमी. तिथे बटणांपेक्षा रबर मऊ असणं महत्त्वाचं.

एकच घ्यायचा तर पुढचा घ्या. मागचा राहू दे तसाच.

प्रतिसाद ३

टायर काहीही लावा, वळणात ब्रेक दाबलेला असेल तर पुढचं चाक जाणारच. वेग वळणाआधी, सायकल सरळ असताना कमी करायचा. आत शिरलात की बोटं लिव्हरवर नुसती ठेवलेली. ओल्यात घाबरून माणूस मागे सरकतो, मग पुढच्या चाकावर वजनच राहत नाही आणि ते निसटतं. छाती थोडी पुढे, कोपर बाहेर. सायकल कोरड्यापेक्षा कमी कलवा.

मुळ्या शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. मुळीच्या अलीकडे ब्रेक सोडा, वरून जाताना अंग हलकं करा. पॅडल नाही, हँडल वळवणं नाही. तिरकी मुळी टाळता येत नसेल तर पुढचं चाक जरासं उचलून पलीकडे टाकणं शिका. चढावर मात्र उभे राहू नका. सीटवर बसून, हलका गिअर, सारखा जोर, नाहीतर मागचं चाक जागेवरच गरगरेल.

प्रतिसाद ४

थोडं विषयांतर. चाक फिरेनासं होण्याइतकी चिकणमाती असेल तर त्या दिवशी तो ट्रेल सोडून द्यावा. टायरनं पडलेली चाकोरी वाळली की टणक होते आणि पुढच्या पावसाचं पाणी तिच्यातूनच धावून माती नेतं. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या नियमांतही, माती मऊ असेल तर दुसरा पर्याय बघा, असंच आहे. खडकाळ, मुरमाड ट्रेल पावसानंतर लवकर चालवण्याजोगे होतात. आणि वाटेत डबकं आलं तर मधून जा. कडेकडेनं गेल्यानं ट्रेल रुंद होत जातो.

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. मागचे पॅड काढले, एका बाजूला पत्राच उरला होता. डिस्क चरे पडून गेलीच आहे, त्यामुळे दोन्ही बदलतोय. हवा २७/३० केली आणि फरक पहिल्याच मुळीवर कळला. टायर आता दगडावरून उसळत नाही, पसरतो. पुढचा टायर नंतर बघू. चिकणमातीचा भाग पावसात वगळेन, पटलं.

आता उरलेलं विचारतो. राईडनंतर प्रेशर वॉशरनं धुतलं तर चालेल का? आणि चेनला कोणतं ल्युब?

प्रतिसाद १

प्रेशर वॉशर लांब ठेवा. हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस), हेडसेट (हँडलखालची बेअरिंग), फोर्कचे सील, सगळीकडे पाणी आत ढकलतो आणि ग्रीस बाहेर काढतो. साधा पाइप, बादली, ब्रश पुरे. चिखल ओला असतानाच धुवा, वाळला की दुप्पट मेहनत. फोर्कचे पाय मऊ फडक्यानं पुसा, सीलच्या कडेला अडकलेले कण तिथेच घासत राहतात. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये साचलेलं पाणी निघून जाईल.

चेन कोरडी पुसून मग वेट ल्युब (ओल्यासाठीचं चेनचं तेल), एकेका कडीला एक थेंब. जरा वेळ मुरू दे, मग वरचं सगळं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त माती धरतं. पावसात चेन लवकर ताणते, म्हणून ताण मोजायची चेनची मापणी जवळ ठेवा. ११ किंवा १२ स्पीड (मागे तितके गिअर) असेल तर चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर ती कॅसेटही (मागची दातेरी चक्रं) घेऊन जाईल.

आणि ल्युबचा स्प्रे डिस्कच्या आसपास नको. नव्या पॅडना तेल लागलं तर ते टाकूनच द्यावे लागतात. नवे पॅड बसवल्यावर सपाट जागी बऱ्यापैकी वेग घेऊन, चाक लॉक न करता, वीसेक वेळा ब्रेक लावा. तोवर उतारावर नेऊ नका.