५१ टॅलेंट पॉइंट : एकच काम, की दोन डगरींवर हात?

ढालकाठी :

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या क्लासिक (म्हणजे सुरुवातीच्या नियमांच्या) आवृत्तीत ६० व्या पातळीवरच्या पात्राकडे खास कौशल्ये घेण्यासाठी ५१ टॅलेंट पॉइंट असतात आणि प्रत्येक क्लासला, म्हणजे पात्राच्या प्रकाराला, टॅलेंटच्या तीन शाखा असतात. एका शाखेत ३१ वा पॉइंट घातला की तिच्या तळाचे टॅलेंट मिळते. उरलेल्या २० पॉइंटांत दुसऱ्या शाखेतले जे हाती लागेल त्यावर समाधान मानावे लागते. ज्यांना हे सोसत नाही ते संमिश्र बिल्ड करतात, म्हणजे तळ न गाठता दोन शाखांत पॉइंट वाटतात. आमच्या गिल्डमधल्या (खेळाडूंच्या संघातल्या) एका ड्रूइडशी (प्राण्यांची रूपे घेणाऱ्या क्लासच्या खेळाडूशी) गेल्या आठवड्यात यावरून बराच वाद झाला, म्हणून माझी बाजू सविस्तर मांडतो : ४० जणांच्या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमेत, संमिश्र बिल्डला जागा नाही.

उदाहरण त्याच ड्रूइडच्या ०/३०/२१ चे, म्हणजे तीन शाखांतल्या पॉइंटांच्या वाटणीचे, घेतो. फेरल (प्राणिरूपांच्या) शाखेतल्या ३० पॉइंटांत हार्ट ऑफ द वाइल्ड येते, ज्याने बुद्धी २० टक्के वाढते आणि अस्वलरूपात स्टॅमिनाही तेवढाच वाढतो. रिस्टोरेशन (उपचारांच्या) शाखेच्या २१ व्या पॉइंटाला नेचर्स स्विफ्टनेस मिळते आणि दर तीन मिनिटांनी एक उपचार तत्क्षणी करता येतो. कागदावर हे देखणे दिसते. रेडचा बॉस (मुख्य शत्रू) मात्र ६३ व्या पातळीचा धरला जातो, आणि तीन पातळ्या वरच्या शत्रूचा फटका अधूनमधून दीडपट जोराने बसतो. वॉरियर शील्ड ब्लॉक लावून तो फटका टाळतो. अस्वलाकडे ढालच नसते, त्यामुळे त्याचे चिलखत आणि आयुष्य कितीही असले तरी हीलरला (उपचार करणाऱ्याला) त्या एका फटक्याचा धसका कायम राहतो. मांजररूपात रक्तस्राव करायला जावे, तर बॉसवर एकूण १६ च डिबफ (शत्रूवर लादलेले अपायकारक परिणाम) टिकतात आणि त्यातली जागा एका अर्धवट फेरलने अडवावी हे रेड लीडरला परवडत नाही.

सर्वात मोठी अडचण पिशवीतली आहे. लढाई सुरू झाल्यावर चिलखत बदलता येत नाही, त्यामुळे अस्वलाच्या चिलखतात उभा असलेला ड्रूइड क्षणात हीलर होतो हे निम्मेच खरे आहे. तो होतो, पण मिणमिणता. प्रत्येक कामाला माणसे पुरेशी असताना एक ना धड भाराभर चिंध्या कशासाठी जमवायच्या?

रानअस्वल :

तो ड्रूइड मीच. चिलखताचा मुद्दा मान्य आहे, आणि तो तुम्ही गिल्डमध्ये मांडला असता तर वाद निम्म्यावर आला असता. परंतु तुमचा सारा हिशेब ४० जणांचा आहे, आणि आपण रेड आठवड्यातून दोनच रात्री करतो. उरलेले दिवस पाच जणांच्या डन्जनमध्ये (छोट्या मोहिमांत) जातात, जिथे एक टँक (शत्रूचे फटके अंगावर घेणारा), एक हीलर आणि तीन मारणारे असतात आणि राखीव कोणीही नसते.

गेल्या महिन्यात स्ट्रॅथोम नावाच्या डन्जनमध्ये आपला टँक नाशिकहून खेळत होता. ऐन झुंजीत त्याच्या घरची वीज गेली, त्याचे पात्र जागच्या जागी खिळले आणि चार सांगाडे हीलरवर धावले. मी अस्वल झालो, ग्राउल (शत्रूला आपल्याकडे वळवणारी डरकाळी) करून एकेकाला ओढून घेतले, पण तोवर हीलर पडली होती. रूप सोडून नेचर्स स्विफ्टनेसवर एक हीलिंग टच स्वतःला दिला, मग आयर्नवुडचे बी खर्चून रिबर्थने तिला उठवले आणि पुन्हा अस्वल झालो. उरलेले दोघे मारणारे तोवर आपापले काम करत राहिले आणि डन्जन पार पडले. निव्वळ टँक किंवा निव्वळ हीलर असतो, तर पाचही जण स्मशानातून धावत परतलो असतो.

यासाठी मी गमावले काय, तेही पाहा. फेरलचा ३१ वा पॉइंट, म्हणजे लीडर ऑफ द पॅक : क्रिटची (जास्त जोराच्या फटक्याची) शक्यता ३ टक्के जास्त, तीही रेडच्या आठ गटांपैकी फक्त माझ्या गटातल्या पाच जणांना. दुसरीकडे, टॅलेंट पुसून नव्याने वाटण्याचा दर पहिल्यांदा १ सुवर्णनाणे, मग ५, मग १० असा चढत ५० वर थांबतो. रेडसाठी एक बिल्ड आणि डन्जनसाठी दुसरी ठेवायची म्हटले, तर आठवड्याला १०० नाणी नुसती ये-जा करण्यात जातात. वेळेला केळं आणि वनवासाला सीताफळ म्हणतात, तशी माझी बिल्ड काटकसरीतून आली आहे. तिला तुम्ही मनाची चलबिचल समजलात.

अर्धीभाकर :

दोघांनीही पॅलाडिन या क्लासचा विचार केलेला दिसत नाही. माझ्या पॅलाडिनने प्रोटेक्शन (टँकच्या) शाखेत ३१ पॉइंट घातले, आणि क्लासिकमध्ये पॅलाडिनला टाँट, म्हणजे शत्रूला आपल्याकडे वळवणारे कौशल्यच, नाही. शत्रू दुसऱ्याकडे वळला की मी ढाल धरून पाहत राहतो. एकाच कामाची बिल्ड करा म्हणणाऱ्यांनी आधी ते काम खेळाने त्या क्लासला दिले आहे का, हे तपासावे.

पोरिंग :

मी वॉरक्राफ्ट फारसा खेळलो नाही. माझी सारी उमेदवारी रॅग्नारॉक ऑनलाइन या दुसऱ्या खेळात, तीही जुन्या, रिन्यूअल या मोठ्या नियमबदलापूर्वीच्या आवृत्तीत झाली. तिथे हा वाद आकड्यांनी सोडवता येतो. पात्राचा गुण (ताकद, चपळाई वगैरे) जितका वर जातो तितका पुढचा पॉइंट महाग होतो : १ वरून ५० ला जायला १९४ पॉइंट लागतात, ९९ ला जायला ६२८. म्हणजे एका ९९ च्या किमतीत तीन गुण ५० पर्यंत नेऊन वर ४६ पॉइंट शिल्लक राहतात. इथपर्यंत संमिश्रवाल्यांची सरशी आहे.

पण ताकदीतून मिळणारा हल्ला सरळ रेषेत वाढत नाही. ताकदीचा आकडा, अधिक तिच्यातल्या दशकांचा वर्ग, असे ते सूत्र आहे. ५० ताकदीला ५० अधिक २५, म्हणजे ७५. ९० ला ९० अधिक ८१, म्हणजे १७१. गंमत अशी की ९० वरून ९९ ला जायला ९८ पॉइंट मोजावे लागतात आणि हल्ला फक्त ९ ने वाढतो. त्यामुळे जाणता खेळाडू ९९ चा हट्ट धरत नाही. बोनस धरून दशकाची पायरी जिथे पूर्ण होते तिथे थांबतो आणि उरलेले पॉइंट दुसरीकडे लावतो.

चपळाईचे मात्र उलटे आहे. फटका चुकवण्याची शक्यता शत्रूच्या नेमकेपणाशी तोलली जाते, त्यामुळे एका मर्यादेखालची चपळाई त्या शत्रूपुढे शून्यासारखीच असते. शिवाय दोनांहून अधिक शत्रू भिडले, तर प्रत्येक जास्तीच्या शत्रूमागे चुकवण्याची क्षमता दहा टक्क्यांनी घटते. अर्धी चपळाई आणि अर्धी व्हिटॅलिटी (फटके सोसण्याची शक्ती) घेतलेला माझा पहिला नाइट फटके चुकवू शकत नव्हता आणि सोसूही शकत नव्हता. दोन महिन्यांनी मी तो पुसून टाकला. ताकदीसारखा गुण मध्येच सोडून चालतो, चपळाईसारखा चालत नाही, हे मला त्याच्यापायी कळले.

ढालकाठी :

पोरिंग यांचा मुद्दा मला पटला, आणि डन्जनपुरता मी रानअस्वल यांच्यापुढे मागे हटतो. पण काटकसरीचे कारण एकदा मान्य केले, की पुढचा इतिहासही मान्य करावा लागेल. वॉरक्राफ्टच्या क्लासिकनंतरच्या आवृत्त्यांत, एप्रिल २००९ मध्ये, १००० नाण्यांत दोन बिल्ड बाळगण्याची सोय झाली. लढाई संपली की एकीवरून दुसरीवर जाता येऊ लागले. २०१० मध्ये एका शाखेत ३१ पॉइंट घातल्याशिवाय दुसरी शाखा उघडेनाशी झाली आणि ०/३०/२१ सारखी बिल्ड करणेच अशक्य ठरले. बदल स्वस्त झाल्यावर संमिश्र बिल्डची मुख्य गरज संपली, असा मी याचा अर्थ घेतो.

रानअस्वल :

हा अर्थ मला मान्य नाही. दोन बिल्ड बाळगता येऊनही पुढच्याच वर्षी शाखांना कुलूप घालावे लागले, ते लोक तरीही पॉइंट वाटत होते म्हणूनच ना? शिवाय दोन बिल्डची सोय लढाईच्या मध्यावर उपयोगाची नव्हती, आणि स्ट्रॅथोममधला प्रसंग नेमका लढाईच्या मध्यावर घडला. रविवारच्या रेडला मी ०/३०/२१ घेऊनच येणार आहे. चिलखताचे दोन्ही संच पिशवीत असतील. प्रत्येक बॉसच्या आधी अस्वल हवे की हीलर, एवढे तुम्ही वेळेवर सांगा.