मिनी पीसी घ्यायचाय : आडत दुकान आणि घर, दोन्हीला एकच. कोणता घेऊ?

मोंढा_परभणी
दुकानातला जुना सीपीयू कधी चालू होतो, कधी होईना. मॉनिटरच्या मागं लटकवता येतो तसला छोटा मिनी पीसी घ्यायचाय. दिवसा दुकानात, रात्री पिशवीत टाकून घरी. दुकानात टॅली आणि बिलं, एवढंच. घरी लेकराचा अभ्यास, यूट्यूब, कधीमधी ऑनलाइन फॉर्म. बजेट पंचवीस हजार. दुकानदार दोन दाखवायलाय : एक नवा, इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरवाला, दुसरा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकतात तो) डेल मायक्रो आय-५. सोयाबीनची आवक सुरू व्हायलीय, दोन दिवसांत मशीन बसलं पाहिजे. लांबण न लावता एकाचं नाव सांगा.

गोदाकाठ
भाऊ, "डेल मायक्रो आय-५" म्हणजे चार वेगवेगळी मशिनं होतात. ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो सहाव्या-सातव्या पिढीचा आहे, ३०६० आठव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं सातव्या पिढीचं मशीन कितीही स्वस्तात दिलं तरी बँक आणि जीएसटीच्या कामाला घेऊ नका. प्रोसेसरवर आय५-८५००टी असं लिहिलंय का बघा. रॅम किती, एसएसडी आहे की हार्डडिस्क, आणि सोबतचा अडॅप्टर डेलचाच आहे का? मॉनिटर कोणता?

मोंढा_परभणी
हो ८५००टी च आहे, ३०६०. रॅम ८, एसएसडी २५६. अडॅप्टर देतो म्हणला. मॉनिटर जुनाच, चांगला चालू आहे. घेऊ का मग?

सहा_वॅट
घेऊ नका. नवा एन-१०० घ्या. चार कोर, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, टीडीपी, म्हणजे चिपची ठरलेली वीज-उष्णता, ६ वॅट. टॅली आणि दहा-बारा टॅबला पुरून उरतो. यूट्यूबचा एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) व्हिडिओ चिपमध्येच उलगडतो. आठव्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सला, यूएचडी ६३० ला, एव्ही१ येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. शिवाय त्या डेलच्या एचडीएमआयमधून फोर-के फक्त ३० हर्ट्झला निघतं, ६० हवं असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरावा लागतो. कंपनीची वॉरंटी नव्याला असते, जुन्याला दुकानदार देईल तेवढीच.

गोदाकाठ
जुना मॉनिटर आहे म्हणतायत ते, फोर-के कुठून आलं? १०८०पी ला ८५००टी च्या सहा कोरांना एव्ही१ जड जात नाही. एन-१०० चं उरलेलं अर्धं पण सांगा ना. त्याला मेमरीचा चॅनल एकच. बहुतेक डब्यांत रॅमचा स्लॉट एक, काहींत तर रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली, उद्या वाढवायची सोय नाही. ३०६० मायक्रोत एसओ-डिमचे (लॅपटॉपसारख्या छोट्या रॅमचे) दोन स्लॉट, ३२ जीबीपर्यंत जाता येतं. एम.२ एसएसडी लावल्यावरही अडीच इंची सॅटा ड्राइव्हची जागा शिल्लक राहते, तिथं टॅलीच्या बॅकअपला वेगळी डिस्क टाका.

आणि मोंढा भाऊ, अनोळखी ब्रँडचा नवा डबा असेल तर विंडोजचं लायसन तिथंच उघडून बघा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट, त्यात "एसएलएमजीआर", मोकळी जागा, "स्लॅश डीएलआय". खिडकीत ओईएम किंवा रिटेल आलं तर बरोबर. व्हॉल्यूम आणि एमएके आलं तर ती कंपन्यांच्या घाऊक लायसनची चावी आहे, ती कधीही बंद होऊ शकते.

सहा_वॅट
लायसनचं मान्य, तपासूनच घ्यावं. पण रिफर्बिश्ड डेलचा सगळ्यात मोठा धोका अडॅप्टरचा आहे आणि तो तुम्ही नुसता विचारून सोडून दिला. डेलच्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, त्यावरून मशीन अडॅप्टर ओळखतं. दुसऱ्याच कंपनीचा १९.५ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर चालू होतं, पण सुरुवातीलाच "अडॅप्टरचा प्रकार कळला नाही" असा इशारा येतो आणि प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास अडकून राहतो. लोक मग रॅम बदलतात, विंडोज टाकतात, दोष तसाच. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथला वेग बघा. काम चालू असताना ०.८ च्या वर जाईना, तर अडॅप्टर बदला. ६५ वॅटचा, डेलचा, सुईवाला. दुकान-घर करणार असाल तर असे दोन लागतील.

विजेची_वाट
मुळात मिनी पीसी कशाला? लॅपटॉप घ्या. लाईट गेली तरी चालू राहतो, रोज उचलून न्यायला तोच बरा.

गोदाकाठ
आडत दुकानात लॅपटॉप दिवसभर चार्जिंगवरच राहतो. परभणीत मे महिन्यात ४२-४३ अंश, त्यात पत्र्याचं शेड. कायम भरलेली बॅटरी अशा उष्णतेत फुगते, मग टचपॅड वर उचलतो. कीबोर्डात तुरीचा भुसा जातो तो वेगळाच. मिनी पीसीला स्वतंत्र कीबोर्ड असतो, खराब झाला की बदलला.

विजेची_वाट
मग लाईटचं काय? टॅलीत एंट्री चालू असताना मशीन बंद झालं तर डेटा बिघडतो. मोंढा भाऊ, दुकानात इन्व्हर्टर आहे का यूपीएस?

मोंढा_परभणी
इन्व्हर्टर आहे, दीडशेची बॅटरी. पण त्यावरच जुना सीपीयू रीस्टार्ट व्हायचा.

विजेची_वाट
इन्व्हर्टरच्या मागं एक बारीक स्विच असतो, बहुतेकांवर यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असं लिहिलेलं. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर पडतो. यूपीएसवर टाका. पण त्याची दुसरी बाजू लक्षात घ्या. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली दाब गेला की इन्व्हर्टर मेन सोडून बॅटरी धरतो. नॉर्मलमध्ये तो १०० पर्यंत सोसतो. तुमच्याकडं संध्याकाळी दाब १७० वर येत असेल तर लाईट असूनही बॅटरी रिकामी व्हायलीय असं दिसेल. तसं असेल तर इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवा आणि फक्त पीसी-मॉनिटरला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. मिनी पीसी आणि एलईडी मॉनिटर मिळून ४० वॅटच्या आसपास. बॅटरी नवी असेल तर अर्धा-पाऊण तास सहज निघतो. जुन्या मोठ्या सीपीयूवर हाच यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत टूं-टूं करतो.

पीसीचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, कमी दाबाची भीती नाही. भीती डीपीवरचा न्यूट्रल तुटण्याची, तेव्हा दाब ४०० च्या दिशेनं जातो. दिवसभराचं काम संपलं की प्लगच काढा.

सफरचंद_औसा
मॅक मिनी एम४ बघा एकदा. १६ जीबी रॅम मूळ मॉडेललाच, तळहाताएवढा, आवाज नाही.

सहा_वॅट
बजेट पंचवीस हजार आहे, तो ५९,९०० ला आला होता. टॅली विंडोजचं आहे. मागं-पुढं यूएसबी सगळे टाइप-सी, जुन्या प्रिंटरची पिन लावायलाही हब लागेल. यांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

सेलू_सेवाकेंद्र
सगळे प्रोसेसरवर भांडायलेत आणि प्रिंटर कोणता ते कुणीच विचारलं नाही. मोंढा दादा, जुन्या सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. तारा काढू नका, तशाच राहू द्या. पेटी कोणतीही घेतली तरी अडचण मागच्या जॅकांवर येते.

मोंढा_परभणी
टाकला फोटो. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, टीव्हीएसचा, पट्टी काढायला.

सेलू_सेवाकेंद्र
फोटोत चार गोष्टी दिसतात. निळी पंधरा पिनांची व्हीजीए, मॉनिटरची. तिच्याखाली लांबलचक गुलाबी, ती पॅरलल, प्रिंटरची. एक यूएसबीत पेनड्राइव्हसारखं काहीतरी. आणि व्हीजीएच्याच आकाराची पण नऊ पिनांची करडी वायर, एकच स्क्रू लावलेला, दुसरा लोंबकळतोय. ही कशाची?

मोंढा_परभणी
पेनड्राइव्ह नाही, जीएसटीच्या सहीचं टोकन आहे. नऊ पिनांची वजनकाट्याची. वजन आपोआप बिलात येतं. ते तर लागतंच.

गोदाकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला पाहिजे होतं. आता निवड काट्यावरून ठरेल.

३०६० मायक्रोला मागं सीरियल पोर्ट (तोच नऊ पिनांचा) ऐच्छिक होता, प्रत्येकात नसतो. दुकानदाराकडच्या मशीनला आहे का बघा. असेल तर दुसरं काही न बघता तेच घ्या, काट्याची वायर थेट लागेल.

सहा_वॅट
नसेल तरी अडत नाही. यूएसबी ते सीरियल केबल लावा, कोणत्याही मिनी पीसीला चालते. फक्त आतली चिप एफटीडीआय कंपनीची मागा. बाजारात निळी पारदर्शक स्वस्त केबल मिळते, तिच्यात बहुधा प्रोलिफिकची जुनी किंवा नकली चिप असते. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस मॅनेजरला तिच्यासमोर पिवळं चिन्ह येतं आणि ही चिप २०१२ पासून बंद झाली, असा मजकूर दिसतो. मग जुना ड्रायव्हर शोधत बसावं लागतं, आणि अपडेट आलं की परत तेच.

सेलू_सेवाकेंद्र
केबल लावल्यावरची गोष्ट राहिली. जुन्या सीपीयूत काटा कॉम-१ वर (कॉम म्हणजे विंडोजनं सीरियल पोर्टला दिलेला नंबर) असतो, नवी केबल स्वतःला कॉम-३ नाहीतर कॉम-५ नाव देते. बिलाच्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही आणि वजन शून्यच राहतं. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, त्या केबलचे प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथं नंबर कॉम-१ करा. केबल कायम एकाच यूएसबीत लावा, काही केबलींचा नंबर जागा बदलली की बदलतो. रोज काढून घरी न्यायचंय ना, मग त्या भोकावर नेलपॉलिशचा ठिपका द्या.

प्रिंटरचं : पॅरलल मिनी पीसीला सहसा नसतं. टीव्हीएसच्या मागं चौकोनी यूएसबी जॅकही आहे का बघा, असेल तर साधी प्रिंटर केबल पुरते. नसेल तर यूएसबी ते पॅरलल केबल. ती लावली की प्रिंटरचा पोर्ट एलपीटी-१ वरून यूएसबी-००१ करायचा. मॉनिटरला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, आत चिप असलेला. नुसती दोन टोकांची वायर कामाची नाही.

लातूर_लेखा
बिल जीएसटीचं घ्या, १८ टक्के परत मिळतो.

गोदाकाठ
जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतील तर नाही मिळत. रिफर्बिश्ड विकणारा मार्जिन स्कीमवर (फक्त नफ्यावर कर भरून) विकत असेल तरी बिलावर कर वेगळा दिसत नाही, क्रेडिट नाही. हे त्यांच्या सीएला विचारू द्या.

लातूर_लेखा
बरं. मग टॅलीचं सांगतो, ते कुणी काढलं नाही. जुना सीपीयू पुढच्या वेळी चालू झाला की सगळ्यात आधी टॅली प्राइम उघडा, नेट चालू ठेवा. एफ-१, सेटिंग्ज, लायसन, सरेंडर. ते केल्याशिवाय नव्या मशीनवर लायसन सरळ बसत नाही. त्याआधी डेटा फोल्डरमधला पाच-सहा आकडी नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, कंपन्या जितक्या तितके फोल्डर. टीएसएस (टॅलीच्या अपडेटची वर्गणी) संपलेलं असेल तर नव्या मशीनवर ताजी आवृत्ती टाकू नका, ती शैक्षणिक मोडमध्ये उघडते. जुन्या आवृत्तीचीच सेटअप फाइल ठेवा. हे आज करा, मशीन नंतर.

मोंढा_परभणी
आत्ताच चालू झाला, डेटा घेतला, सरेंडर झालं. धन्यवाद साहेब. डेलला मागं नऊ पिनांचं नाही, फोन करून विचारलं. तरी डेलच घेऊ का?

गोदाकाठ
हो, डेल. दोन रॅम स्लॉट आणि दुसऱ्या डिस्कची जागा तुमच्या कामाची आहे. दुकानातच बायोस (विंडोजच्या आधीची मशीनची सेटिंग) उघडून पासवर्ड मागत नाही ना बघा, चालू होताना एफ-२. बायोसमध्ये ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (जुन्या मालकाचं चोरी-शोध कुलूप) "ॲक्टिव्हेटेड" दिसलं तर मशीन परत करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून एसएसडीची हेल्थ बघा. आत सीआर-२०३२ बटण बॅटरी नवी बसवून मागा. ती मेली की लाईट गेल्यावर तारीख मागं जाते आणि बँकेची साइट सुरक्षित नाही म्हणून उघडत नाही. धूळ : महिन्याला मागचा एक स्क्रू काढून झाकण सरकवा, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा. पंखा मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. बंद ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

सहा_वॅट
माझं मत एन-१०० चंच राहील, पण या कामाला डेल चुकीचा नाही. अडॅप्टरची सुई बघूनच पैसे द्या.

सेलू_सेवाकेंद्र
दादा, उद्या जाताना काट्याची वायर घेऊन जा. केबलचं टोक तिच्यात बसतं का तिथंच बघा. काट्याच्या बऱ्याच वायरींत फक्त २, ३ आणि ५ नंबरच्या पिना जोडलेल्या असतात. वजन आलं नाही तर २ आणि ३ उलट झालेत का तपासा. दुकानात आल्यावर आधी पुटी (पोर्टवर येणारे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून त्यात कॉम-१ लावा, काट्यावर एक पोतं ठेवा. आकडे धावताना दिसले तर केबल ठीक, उरलेला दोष बिलाच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये. काट्याचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) माहीत आहे का?

मोंढा_परभणी
डिस्प्लेच्या मागं स्टिकर आहे, २४०० लिहिलंय.

सेलू_सेवाकेंद्र
मग पुटीत २४००, ८ बिट, पॅरिटी नन, स्टॉप १. आकड्यांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसला तर ७ बिट, पॅरिटी ईव्हन करून बघा. ते जुळलं की तेच आकडे बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा.