मदत हवी आहे: हायस्कूल फुटबॉलमध्ये गुडघ्यावर मारलेला ब्लॉक, शाळेशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत मुलं अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा तो, खेळतात असे पालक इथे असतील. (ब्लॉक म्हणजे त्यात चेंडू नेणाऱ्याला वाट मिळावी म्हणून अंगाने समोरच्याला अडवणं.) कोणी पंच किंवा कोच म्हणून काम केलं असेल तर फारच बरं. जरा लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा १५ वर्षांचा, दहावीत आहे, शाळेच्या जेव्ही (ज्युनियर) संघात आउटसाइड लाइनबॅकर, म्हणजे लाइनच्या मागे उभा राहणारा बचावपटू, म्हणून खेळतो. दोन आठवड्यांपूर्वी सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याला मार बसला. एमसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, अर्धवट फाटलं आहे. ग्रेड २. डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढून ग्रोथ प्लेट शाबूत आहे ना ते पाहिलं, कारण या वयात कधी कधी लिगामेंटच्या आधी हाडाचा वाढता भागच तुटतो. ते ऐकून माझ्याच पायातलं बळ गेलं. प्लेट ठीक आहे, ऑपरेशन नको म्हणाले. बिजागरीचा ब्रेस आणि फिजिओथेरपी चालू आहे.

हडल या सामन्यांच्या व्हिडिओंच्या साइटवर सामन्याचा व्हिडिओ आहे. तो क्षण मी इतक्या वेळा पाहिलाय की डोळे मिटले तरी दिसतो. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या लाइनपासून मुलगा तीन-चार पावलं मागे उभा. रनर चेंडू घेऊन त्याच्या डावीकडे पळतोय, याची नजर चेंडूवर. पार कडेला असलेला त्यांचा रिसीव्हर (पास झेलणारा) आत वळतो, शेवटच्या दोन पावलांत खाली जातो आणि खांदा थेट गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला. डावा पाय नेमका तेव्हाच टेकलेला, बुटाचे क्लीट्स (खिळे) टर्फमध्ये रुतलेले. पाय सरकायला वावच नव्हता, गुडघा आत वळला. पंचांचा फाउलचा फ्लॅग पडला नाही. त्या दिवशी चारच पंच होते आणि चौघांचं लक्ष चेंडूकडे.

मी नियम वाचायला बसले. जे समजलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. बहुतेक राज्यांत हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाचे, एनएफएचएसचे, नियम चालतात. (टेक्सासच्या शाळा कॉलेजच्या नियमांवर खेळतात, त्यामुळे तिथल्या पालकांनी उत्तर देताना तसं नमूद करा.) एनएफएचएसच्या नियमात कमरेखाली ब्लॉक करायला मुळात बंदी आहे. सवलत आहे ती फक्त फ्री-ब्लॉकिंग झोनमध्ये. चेंडू जिथून स्नॅप होतो (मागे देऊन खेळ सुरू होतो) तिथून दोन्ही बाजूंना ४-४ यार्ड आणि प्रत्येक संघाच्या लाइनमागे ३ यार्ड, एवढाच तो चौकोन. त्यातही ब्लॉक करणारा आणि ज्याला ब्लॉक केलं तो, दोघेही स्नॅपच्या वेळी लाइनवर आणि झोनच्या आत हवेत. २०२१ पासून आणखी एक अट आली: खालचा ब्लॉक स्नॅपनंतरची पहिली, तात्काळ हालचाल असली पाहिजे. आधी उभं राहून छातीला हात लावायचे आणि मग गुडघ्यात घुसायचं, हे चालत नाही. चेंडू झोनबाहेर गेला की सवलत संपते, आणि शॉटगन नावाच्या मांडणीत स्नॅप घेणारा क्वार्टरबॅक पाचेक यार्ड मागे असतो, म्हणजे चेंडू जवळजवळ लगेचच बाहेर जातो.

आमच्या मुलाच्या बाबतीत तर यातलं काहीच लागू नाही. ना तो लाइनवर, ना समोरचा झोनमध्ये. सरळ १५ यार्डांचा फाउल. बरोबर ना?

माझे वडील साताऱ्याला असतात, तरुणपणी तालमीत होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तो भाग दोनदा बघितला आणि म्हणाले, "अगं, याने पट काढलाय. पण कुस्तीत समोरचा आपल्याकडे बघत असतो, वाकलास की त्याला कळतं. पोराला हा दिसलाच नाही. कबड्डीत पायाची कैची घातली तरी फाउल देतात, इथे काहीच नाही?" मला वाटतं सगळं मर्म यातच आहे. दोन लाइनमन फूटभर अंतरावर, एकमेकांच्या डोळ्यांसमोर, पहिल्याच झटक्यात खाली जातात तेव्हा हात खाली टाकून बचाव करता येतो. पळत्या मुलाला बाजूने पायात मारलं की तो हात वापरूच शकत नाही.

इथवर माझा राग समोरच्या संघावर होता. मग मी पूर्ण व्हिडिओ पाहिला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा गार्ड (लाइनवरचा खेळाडू) समोरच्या मुलाला छातीशी धरून उभा आहे आणि आमचाच टॅकल, तोही लाइनवरचा, बाजूने येऊन त्याच पोराच्या गुडघ्यात घुसतो. एक वर, एक खाली. याला चॉप ब्लॉक म्हणतात आणि तो झोनमध्येही चालत नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगनेसुद्धा २०१६ मध्ये तो पूर्ण बंद केला. तो मुलगा लंगडत बाहेर गेला. तिथेही फ्लॅग नाही, आणि आमच्या बाकांवरून टाळ्या. मीही त्या बाकांवरच होते. मुलाला विचारलं तर सहज म्हणाला, "आई, समोरचा आपल्यापेक्षा मोठा असेल तर त्याला कट करायचं, म्हणजे खाली पायात मारायचं, प्रॅक्टिसमध्ये तसंच शिकवतात." लाइनवरच्या मुलांकडून ते बॅगवर करून घेतात. पण कुठे चालतं, कुठे नाही, हे त्याला सांगता आलं नाही. टॅकल खेळणारा त्याचा मित्र घरी आला होता, त्यालाही नाही.

म्हणून मला त्या रिसीव्हरला शिक्षा नको आहे. तोही कोणाचा तरी १५ वर्षांचा मुलगा, त्यालाही कोणी तरी हेच शिकवलं असणार. आमच्या प्रॅक्टिसमध्ये हे थांबावं, निदान नीट शिकवलं जावं, एवढंच हवं आहे. अडचण अशी की मुलगा हात जोडतोय, "आई, प्लीज कोचला ईमेल करू नकोस." त्याला भीती वाटते की परत गेल्यावर बाकावर बसवतील, पोरं चिडवतील. नवऱ्याचं म्हणणं, सीझन संपू दे, मग बोलू. पण सीझन संपेपर्यंत आणखी कोणाचा गुडघा गेला तर?

कोणी असं बोलणं केलं असेल तर कुठून सुरुवात केली? आधी कोच, ॲथलेटिक डायरेक्टर की शाळेची ॲथलेटिक ट्रेनर? तीच पहिली धावत आली होती आणि तिने त्याला पायावर भार टाकू दिला नाही, तिच्यावर माझा विश्वास आहे. आणि बरं झाल्यावर खेळताना गुडघ्याला संरक्षक ब्रेस घालावा का? कॉलेजचे लाइनमन घालतात ते पाहिलंय, पण लाइनबॅकरला पळावं लागतं. स्वतःचा अनुभव असेल तर लिहा.

भर, तीन दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्या दादांनी आठ वर्षं शालेय सामन्यांत पंच म्हणून काम केलंय, त्यांचा प्रतिसाद मी छापून ठेवला आहे. नियम मला बरोबर समजलाय हे त्यांनी सांगितलं, आणि चार पंच असताना कडेच्या रिसीव्हरचा ब्लॉक कसा सुटतो तेही. पंचांबद्दल पालकाने थेट तक्रार करून काही होत नाही, कोचने क्लिप पंच नेमणाऱ्यांकडे पाठवायची असते, हे मला माहीत नव्हतं.

"मुलाला न सांगता जाऊ नका" असं ज्या ताईंनी लिहिलं, त्यांचं पटलं. काल रात्री त्याच्याबरोबर बसून दोन्ही क्लिप्स पाहिल्या. स्वतःची पाहून गप्प होता. आमच्या टॅकलची पाहिली तेव्हा मात्र त्याने ती थांबवून मागे घेतली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाला, "तो मुलगा परत खेळला नाही ना त्या दिवशी." मग म्हणाला, भेटायला मीही येतो, पण आमची क्लिप आधी दाखवायची, माझी नंतर.

गुरुवारी साडेतीनला ट्रेनरच्या खोलीत भेट ठरली आहे. कोचला तिनेच बोलावलंय. ज्यांनी कोचसमोर व्हिडिओ ठेवून बोलणं केलंय त्यांनी पहिलं वाक्य काय बोललात ते सांगाल का? इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल. आणि ब्रेसबद्दल अजून कोणीच लिहिलेलं नाही, पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे.