पाणी आटलं की बोअर खोल न्यायची, की द्राक्षवेलीवरचा भार उतरवायचा?

वाफसा :
विहिरीनं तळ गाठला की आधी डोळ्यांपुढे येते ती बोअर. माझं मत उलट आहे. लहान बागायतदारानं पाणी शोधण्याआधी वेलीचा भार उतरवावा. घड मोजके ठेवा, बगलफूट (पानाच्या बेचक्यातून येणारी जादा फूट) काढा, बोदावर (वेलीच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) जाड आच्छादन करा. पाणी अवस्थेप्रमाणे द्या. फुलोऱ्यापासून मणी सेट होईपर्यंत, म्हणजे फुलातून मणी धरेपर्यंत, हात आखडू नका. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागल्यावर, पाणी थोडं कमी केलं तर वेल सोसते. शेंड्याकडे बघत चला. बाळी (शेंड्याजवळचा आधार धरणारा तंतू) ताठ असेल तर घाई नाही. बाळी मलूल पडून शेंडा थांबला, की पाणी द्यायची वेळ झाली.

एकरभर :
भाऊ, हे वाइनच्या नाहीतर बेदाण्याच्या बागेला ठीक. खायच्या द्राक्षाचा सौदा मण्याच्या फुगवणीवर ठरतो. सेटिंगनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताण बसला, तर मागून कितीही पाणी सोडा, मणी बारीकच राहतो. शिवाय पुढच्या हंगामाचे घड याच हंगामात काडीवरच्या डोळ्यात (कळीत) तयार होतात. तेव्हा फार ताण बसला तर पुढच्या वर्षी घड कमी लागतात. आणि ज्याची सगळी बागच एकरभर, त्याचं कर्ज निम्म्या घडांवर फिटत नाही. मी गेल्या उन्हाळ्यात टँकर लावून बाग वाचवली.

वाफसा :
सेटिंगला हात आखडू नका, हेच तर मी लिहिलंय. टँकरचा हिशेब मांडा. एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 4,000 लिटर. भरगच्च पानांची बाग कडक उन्हात दिवसाला 4 मिलिमीटर सहज पिते, म्हणजे रोज 16,000 लिटर. किती दिवस विकत घेणार? पानोळाच (पानांचा पसारा) कमी ठेवला तर मागणी तिथेच घटते.

खारीजमीन :
दोघांचाही एक मुद्दा राहिला, क्षार. ठिबकनं जेमतेम पाणी दिलं की ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षार साठतात. हलकी सर आली की तेच मुळांत उतरतात. माझ्या पानांच्या कडा करपल्या तेव्हा मी रोग समजून फवारण्या करत बसलो, दोष पाण्यात होता. पाणी तपासल्याशिवाय कपातीचा सल्ला देऊ नये. नवी लागवड असेल तर खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम बांधतात ती जात) निवडताना विचार करा. 110 रिक्टर, 1103 पॉलसन, 140 रुग्गेरी हे ताण सोसणारे आहेत. उभ्या बागेला मात्र त्याचा उपयोग नाही.

कोरडवाहू :
ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर वेल टोपलीसारखी जमिनीलगत वळवतात, स्पेनच्या लान्झारोटेत ज्वालामुखीच्या राखेतल्या खड्ड्यात लावतात. पाणी न देताही द्राक्ष येतं.

एकरभर :
येतं, पण वेली लांब लांब आणि उत्पन्न अगदी थोडं. माझं घर त्यावर चालणार नाही.

वाफसा :
क्षाराचं मान्य, तो माझ्याकडून राहिला. पण बोअर आणखी खाली नेली की शेजाऱ्याचीही खाली जाते, त्याचं उत्तर काय?

एकरभर :
शेजारी थांबला तर मीही थांबतो. एकट्यानं थांबलो तर माझ्या खालचं पाणी तोच उपसतो.