चूक दिसली की दोन्ही धागे कापायचे

हरितलवकात, म्हणजे पानांच्या पेशीतल्या हिरव्या कणांत, दिवसभर उन्हात ऑक्सिजन तयार होतो, मग तिथला डीएनए खराब कसा होत नाही, असं तुम्ही विचारलंत. खराब होतोच, पण दुरुस्तीही तितकीच जबरदस्त असते. आपल्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पेशीकेंद्रातल्या डीएनएपेक्षा कितीतरी भरभर बदलतो. बहुतेक वनस्पतींत नेमकं उलट आहे: सगळ्यात संथ मायटोकॉन्ड्रिया, मग हरितलवक, शेवटी पेशीकेंद्र. हे १९८७ मध्येच लक्षात आलं होतं.

२०२० मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या डॅन स्लोन यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा रोपात एमएसएच१ हे जनुक निकामी केलं, तर मायटोकॉन्ड्रिया आणि हरितलवक, दोन्हीकडची उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएतले बदल, कित्येक पटींनी वाढली. या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाची घडण मला फार सुंदर वाटते. त्याचा एक भाग डीएनएच्या दोन धाग्यांतल्या अक्षरांची न जुळलेली जोडी ओळखतो, दुसरा भाग म्हणजे डीएनए कापणारी कात्री. दोनपैकी कुठलं अक्षर चुकलं याचा निवाडा करत बसायचं नाही; तिथेच दोन्ही धागे तोडायचे आणि दुसऱ्या शाबूत प्रतीवरून तो तुकडा पुन्हा लिहून काढायचा, असा अंदाज आहे.

अपवाद आपल्या घरातच सापडतो. पुण्यातल्या नर्सऱ्यांत जिरेनियम म्हणून मिळतं त्या पेलार्गोनियमच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फार वेगाने बदलत आलाय. माझ्या कोथरूडच्या गॅलरीत एक कुंडी आहे. पान चुरगाळलं की तो उग्र वास बोटांना बराच वेळ राहतो. रोप मात्र ठणठणीत, दर थंडीत भरभरून फुलतं.