फायबर पोस्टला रेझिन सिमेंटच हवं का?

दंतवैद्य, दादर: आज एक पेशंट दाताची कॅप पोस्टसकट (मुळाच्या पोकळीत बसवलेली फायबरची काडी) रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. वरचा पुढचा दात, आरसीटी (रूट कॅनल) दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे झालेली. पोस्टवर रेझिन सिमेंटचा थर जसाच्या तसा, गुळगुळीत. म्हणजे पोस्टला ते चिकटून राहिलं, सुटलं दातापासून. हे मी पहिल्यांदा बघत नाहीये. हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट, मुळातले जंतू मारणारं द्रव) धुतलेल्या डेंटिनमध्ये (दाताचा आतला कठीण थर) ऑक्सिजन अडकून राहतो आणि रेझिन नीट घट्ट होत नाही. युजेनॉलचा (लवंगतेलातला घटक) सीलर, म्हणजे आरसीटीत कॅनल बंद करणारी पेस्ट, असला तरी तीच गत. खाली मुळाकडे रेझिन घट्ट करणारा लाइटही पोचत नाही. अरुंद कॅनलमध्ये (मुळाच्या पोकळीत) चहूबाजूंनी भिंती, त्यामुळे रेझिन आकसलं की कुठून तरी सुटणारच. पोस्ट कॅनलमध्ये घट्ट बसत असेल तर मी जीआयसीच (ग्लास आयोनोमर सिमेंट) वापरतो. ते डेंटिनमधल्या कॅल्शियमला धरतं आणि थोडा ओलावाही सोसतं.

मुलुंडकर: अजिबात पटलं नाही. हायपोनंतर १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा चुरा काढणारं द्रव), मग भरपूर पाणी, मग पेपर पॉइंट (ओल टिपणारी कागदी काडी) कोरडा बाहेर येईपर्यंत थांबायचं. भिंतीवर सीलरचा डाग दिसत असेल तर सिमेंट उघडायचंच नाही. ड्युअल क्योर सिमेंट लाइट न पोचताही घट्ट होतं, फक्त बारीक टिपने तळापासून वर भरत यायचं. पोस्ट ओढून बघण्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत सेल्फ-अॅडेसिव्ह रेझिन (वेगळं बाँडिंग न लावता चिकटणारं) बहुतेकदा जीआयसीच्या पुढे असतं. आणि जीआयसी पक्कं व्हायला निदान २४ तास लागतात. तुम्ही त्याच सिटिंगला कोअर (पोस्टवर बांधलेला, कॅपखालचा भाग) घासता की नाही, ते सांगा.

गिरगाव, निवृत्त: कास्ट (धातूचे ओतीव) पोस्ट आयुष्यभर झिंक फॉस्फेटने (पावडर द्रवात कालवून करायचं जुनं सिमेंट) बसवले. थंड ग्लास स्लॅबवर पावडर चिमूट चिमूट घ्यायची. पावसाळ्यात मात्र फ्रिजमधल्या स्लॅबवर लगेच दव धरतं, ते पुसल्याशिवाय हात लावायचा नाही. पुन्हा आरसीटी करायची वेळ आली तर अल्ट्रासॉनिकच्या कंपनांनी हे सिमेंट तडकतं. रेझिन काढताना मूळ पोखरलं जातं, याचा विचार तुम्ही दोघंही करत नाही. बरं, त्या दाताला हिरडीच्या वर किती भिंत उरली होती?

एक पेशंट, डोंबिवली: पोस्टने दात मजबूत होतो, असं मला सांगितलं होतं. खरं आहे का?

मुलुंडकर: नाही. पोस्ट फक्त कोअरला आधार देतो. उलट त्यासाठी जास्त कोरलं तर मूळ कमजोर होतं.

दंतवैद्य, दादर: गिरगावकर सर, भिंत जेमतेम अर्धा मिलिमीटर. दोन तरी हवी होती. एवढ्याशा भिंतीवर सगळा भार सिमेंटवर आला, हे मान्य. मुलुंडकर, कोअर मी दुसऱ्या दिवशीच घासतो. ईडीटीएनंतरचं धुणं मात्र मी घाईत उरकतो, ते उद्यापासून बदलतो. जीआयसी सोडत नाही. त्या बाईंना सोमवारी बोलावलंय. क्राउन लेंग्थनिंग (हिरडी कापून दात जास्त उघडा करणं) करून भिंत मिळते का ते आधी बघणार. सिमेंटचं त्यानंतर.